दोन म्हाताऱ्या

माझ्या जावयाने एक म्हातारी पाळली होती. दचकू नका, मी नव्हे! ही म्हातारी १९७३ सालची. जन्म जर्मनीतला, संसार सगळा इंग्लंडात. वरून पांढरी, खालून नारिंगी, पुढून पाहिलं तर दोन गोल डोळे आणि मोठ्ठं कपाळ. माझी लेक तिला "माझी सवत" म्हणते. आणि खरं सांगू का, पहिले आठ दिवस मलाही लेकीचंच म्हणणं पटत होतं.

२०२३ च्या मे महिन्यात मी शेफिल्डला लेकीकडे गेले. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कराडच्या घरात एकटीचा कुकर लावायची सवय झाली होती, पण लेकीने फारच धरलं म्हणून पाच महिन्यांसाठी निघाले. लेक तिथे हॉस्पिटलात नर्स आहे, आठवड्यातून तीन रात्री कामावर. नात शाळेत. जावई घरूनच काम करायचे, वरच्या माळ्यावरच्या खोलीत. म्हणजे दिवसभर मी, झोपलेली लेक, वर जावई आणि दारात ही म्हातारी.

ही म्हणजे फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन. तिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा, आणि पुन्हा चालवून पुढच्या गावी जायचं. आपल्याकडे पूर्वी बैलगाडीत भांडीकुंडी घालून पंढरपूरला जायचे, त्यातलाच प्रकार, फक्त यात गॅसची शेगडी असते. बेन पॉन नावाच्या एका डच विक्रेत्याने १९४७ साली वहीत एक ओबडधोबड चित्र काढलं होतं, म्हणे. एक खोकं, त्याला चाकं, आणि इंजिन मागच्या बाजूला. त्यातून १९५० साली ही गाडी झाली. आमची म्हातारी दुसऱ्या पिढीतली. १९६७ पासून पुढची काच एकसंध आणि फुगीर झाली, त्या घराण्यातली. जर्मनीत हे घराणं १९७९ मध्ये संपलं, पण ब्राझीलमध्ये थेट २०१३ पर्यंत या गाड्या निघत होत्या. नुसती गाडी जर्मनीहून यायची आणि आतलं लाकूडकाम, ओटा, बाक, उघडणारं छप्पर हे सगळं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिडमथ गावात बसवलं जायचं. छप्पर वर उचललं की आत पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसतं. थेट आमच्या लग्नातल्या मांडवाची आठवण!

जावयांनी ती लॉकडाऊनमध्ये कुणाकडून तरी घेतली, बंद अवस्थेत. तीन वर्षं जमेल तसं काम करून ती उभी केली. त्या उन्हाळ्यात ती रस्त्यावर आणायचीच, असा त्यांचा हट्ट होता आणि त्या उन्हाळ्यात ती विकायचीच, असा लेकीचा.

इंग्लंडात गाड्यांची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. पण चाळीस वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल आणि तिच्यात मूळ रचनेचे मोठे बदल केले नसतील, तर २०१८ पासून तिला या परीक्षेतून सूट आहे. मला हे ऐकून नवल वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तपासणीची जास्त गरज, आणि इथे उलटंच! मी तसं बोलून दाखवलं तर जावई म्हणाले, "म्हणूनच आई, सरकार विचारत नाही तर आपणच आपली परीक्षा घ्यायची." चाळीस वर्षं पेपर काढण्यात आणि तपासण्यात गेलेल्या बाईला हे वाक्य आवडणारच. दुसऱ्या दिवशी मी स्वेटर चढवून बाहेर गेले आणि म्हटलं, "मला काय येतं ते विचारा, नाही तर शिकवा."

आता मी बी.ए. झाले ती मराठी आणि इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. इंजिनाशी संबंध कसला? पण गंमत म्हणजे संबंध होता. आमच्या घरी यांची बजाज चेतक होती. ती ज्यांनी वापरली त्यांना ठाऊक आहे, की ती नुसती चालवता येत नसे, तिची सेवा करावी लागे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, पॉइंट साफ करणं, सकाळी तिरकी करून किक मारणं. यांना चष्मा लागल्यावर प्लग घासायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेव्हा जावयांनी डबीतून प्लग बाहेर काढले आणि मी त्यातला एक उचलून म्हणाले, "हा काळा पडलाय, पेट्रोल जास्त जातंय," तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शिवाय माझे हात लहान आहेत. या गाडीचं इंजिन मागच्या झाकणाआड, इतक्या अडचणीत असतं की पुरुषांचा पंजा निम्म्या ठिकाणी जातच नाही. त्यामुळे बघता बघता मी त्यांची असिस्टंट झाले.

महत्त्वाचं काम व्हॉल्वचं. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून सकाळी चहाच्या आधी. गाडीखाली सरपटत जायचं (हे जावयांनी), तारेची कडी खाली ओढून झाकण काढायचं, आणि व्हॉल्व आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यात पातळ पत्र्याची पट्टी सरकवून फट मोजायची. ०.१५ मिलिमीटर. कमी असेल तर व्हॉल्व नीट मिटत नाही आणि जळतो, जास्त असेल तर टकटक आवाज. मी वरून, मागच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवत असे. एक नंबरचं सिलिंडर झालं की घड्याळाच्या उलट अर्धी फेरी, मग दोन नंबर, पुन्हा उलटी अर्धी फेरी, मग तीन. उलटीच का? तर ठिणगी पडायचा क्रम एक-चार-तीन-दोन असा आहे. सरळ फिरवलं तर एकनंतर चार येतो, उलटं फिरवलं की एक-दोन-तीन-चार असा पाढ्यासारखा क्रम लागतो. हे समजलं तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, शाळेत पहिल्यांदा पायथागोरस कळला होता तेव्हाइतका आनंद झाला.

तेलाला आपल्या गाड्यांसारखा फिल्टर नाही, नुसती एक जाळी. चहाच्या गाळण्यासारखी! अडीच लिटर तेल, आणि ते लवकर लवकर बदलायचं. जाळीच्या झाकणाला सहा बारके नट, आणि ते हलक्या हातानेच आवळायचे, कारण ज्यात ते बसतात तो धातू मऊ. जोर लावला की आटे गेलेच. इंजिनाचं ते कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, हे कळल्यावर मी एक पाऊल मागे सरकले. आमच्या शाळेत विज्ञानाचे सर मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवायचे, तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड आठवला. पेट्रोलची जुनी रबरी नळी फुटून तापल्या इंजिनावर थेंब पडले, की या गाड्या अशाच पेटतात. आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. जावयांनी सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या होत्या. तरी मी रोज सकाळी मागचं झाकण उघडून वास घेत असे. नाक हे फार प्रामाणिक अवजार आहे.

गॅसच्या जोडांना मी साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. यात मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कराडात सिलिंडर बदलला की हेच करतो आपण.

आता मुख्य गोष्टीकडे येते. फॅनबेल्ट.

या इंजिनाला पाणी नाही. रेडिएटर नाही. ते थंड होतं फक्त वाऱ्यावर, आणि तो वारा देतो एक पंखा. तो पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला असतो, आणि डायनामो फिरतो एका रबरी पट्ट्यावर. म्हणजे पट्टा तुटला की एकाच वेळी दोन गोष्टी बंद: वीज तयार होणं आणि इंजिन गार होणं. गाडीत तापमान दाखवणारा काटा नाही. फक्त चालकासमोर एक लाल दिवा आहे, डायनामो थांबल्याचा. जावयांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "आई, चालू गाडीत हा दिवा लागला तर बाकी काही बोलायचं नाही, नुसतं 'थांबा' म्हणायचं."

हा पट्टा ताणायची रीत मोठी चमत्कारिक आहे. पुलीचे दोन अर्धे भाग असतात आणि त्यांच्या मध्ये पातळ चकत्या. मधली चकती काढली की दोन भाग जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताणला जातो. काढलेली चकती फेकायची नाही, बाहेरून नटखाली ठेवायची, म्हणजे पुढे लागली तर तिथेच सापडते. (संसारात असं काही असतं तर किती बरं झालं असतं, असं मी म्हटलं होतं. जावई हसले नव्हते.) अंगठ्याने दाबून पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. आणि नट आवळताना इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत राहायचं, नाहीतर पट्टा पुलीच्या दोन भागांत चिमटला जातो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नवा पट्टा बसवत होतो. चकत्या मोजून मी पुसून ठेवल्या होत्या. नट अर्धा आवळला आणि जावयांचा फोन वाजला. ते बागेत गेले. कुंपणापाशी पाठ करून उभे राहिले, बराच वेळ. परत आले ते न बोलता, पाना उचलला आणि चार झटक्यांत नट आवळून टाकला. मी म्हटलं, "फिरवू का मी?" तर म्हणाले, "राहू दे, झालं." मी पाना खाली ठेवला. मी विचारायला हवं होतं. पण जावयाला किती विचारायचं, याचं एक माप आमच्या पिढीच्या बायकांच्या हातात दिलेलं असतं. ते मी मोडलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, गाडी रस्त्यावर न्यायचं ठरलं. लेक रात्रपाळी करून झोपली होती, नात शाळेत. मी थर्मासमध्ये चहा घेतला, चमचे-सुऱ्या पंचात गुंडाळल्या (नाहीतर कीर्तन चालू असल्यासारखा आवाज येतो), आणि मांडीवर वही घेऊन बसले. रस्त्यावरची चाचणी म्हणजे नुसतं फिरून येणं नव्हे. आधी घरामागच्या शांत गल्लीत हळू वेगाने ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते बघायचं. मग चार-पाच मैल जाऊन थांबायचं, आणि चारही चाकांच्या मध्याशी हाताची पालथी बाजू न्यायची. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. खाली वाकून तेलाचे थेंब पाहायचे. वास घ्यायचा. मी सगळं लिहून घेत होते. "डावं मागचं, किंचित गरम. तेल, एक थेंब. वास नाही." प्रगतिपुस्तकच भरत होते म्हणा ना.

शेफिल्डमधून बाहेर पडलं की थोड्याच वेळात घरं संपतात आणि माळ सुरू होतो. नुसतं गवत, झुडपं आणि काळे दगड. फॉक्स हाऊस नावाच्या जुन्या खानावळीपाशी वळलं की पुढे एका वळणावर अचानक सगळी दरी समोर उघडते. त्या जागेचं नावच सरप्राइज व्ह्यू. नाव ठेवणाऱ्याला फार कल्पकता नसावी, पण खोटं बोलला नाही तो. खाली हेदरसेज गाव. तिथल्या चर्चमागे रॉबिन हूडच्या लिटल जॉनची म्हणून एक लांबलचक कबर दाखवतात. मग होप व्हॅली, आणि तिच्या टोकाला कॅसलटन.

गाडी छान चालली होती. ताशी पन्नास मैलांच्या वर न्यायचीच नाही असं ठरलं होतं, आणि तिची स्वतःचीही फार इच्छा दिसत नव्हती. मागून येणारे लोक रागावण्याऐवजी हात हलवत होते. समोरून अशीच दुसरी गाडी आली तर तिच्या चालकानेही हात केला. रामराम घालतात तसा.

कॅसलटनच्या पुढे जो रस्ता सरळ डोंगराकडे जातो, तो आता कुठेच जात नाही. माम टोर नावाचा डोंगर आहे. पाचशे सतरा मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीसमोर लेकरूच. पण त्याची माती आणि खडक सतत खाली सरकत असतात. त्याच्या अंगावरून काढलेला हा मोठा रस्ता पुन्हा पुन्हा खचला, पुन्हा पुन्हा बांधला, आणि शेवटी १९७९ साली सरकारने नाद सोडला. आम्ही गाडी खाली लावून चालत गेलो. रस्ता मधेच तुटून पुरुषभर खाली गेला आहे, वाकडा झाला आहे, आणि कापलेल्या कडेला डांबराचे थर एकावर एक दिसतात. दर दुरुस्तीचा एक थर. पावसाळ्यात आमच्या कुंभार्ली घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी माणसं लागतात कामाला, ती आठवली. इथेही लागली असणार, वर्षानुवर्षं.

तिथे एका दगडावर बसून चहा ओतला आणि जावई म्हणाले, "आई, माझी नोकरी गेलीय."

मी कप खाली ठेवला.

"तीन आठवडे झाले. आपण पट्टा बसवत होतो ना, त्या दिवशी."

म्हणजे तीन आठवडे ते रोज सकाळी नऊला वरच्या खोलीत जाऊन बसत होते. मी अकराला चहा नेऊन देत होते. समोर कॉम्प्युटर चालू असायचा. लेक उठली की दबक्या पावलांनी वावरायची, त्यांची मीटिंग असेल म्हणून.

मला पहिल्यांदा राग आला. अगदी खरं सांगते. हाडाची शिक्षिका असले तरी मी आधी मुलीची आई आहे. रात्र रात्र उभी राहून माझी पोर पाय सुजवून घरी येते, घराचा हप्ता आहे, आणि हा माणूस गाडीला साबण लावत होता! दुसऱ्यांदा मात्र त्यांच्याकडे पाहिलं, तर ते त्या तुटलेल्या रस्त्याकडे बघत होते आणि कपातला चहा सांडत होता.

"तिला का नाही सांगितलं?"

"एक मुलाखत आहे पुढच्या मंगळवारी. ती झाली की सांगणार होतो. नुसतीच वाईट बातमी नको म्हणून. तुम्ही तोवर बोलू नका, आई."

आता मी एक गोष्ट सांगते, जी माझ्या लेकीलाही तेव्हा माहीत नव्हती. १९८६ साली आमच्या यांनी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मला न सांगता. तो माणूस गाव सोडून गेला आणि एक दिवस पतसंस्थेची नोटीस आमच्या दारात आली. पोस्टमनकडून ती मी घेतली. पगारातून चार वर्षं पैसे कापले गेले. पैशांचं मला फार वाटलं नाही, ते कधी फारसे नव्हतेच. पण सात महिने हे माझ्या शेजारी जेवले, झोपले आणि बोलले नाहीत, हे मी त्यांना पुढे कितीतरी वर्षं विसरू दिलं नाही. त्यांनी कारण दिलं होतं ते अगदी हेच. "तुला उगाच काळजी नको म्हणून."

मी हे जावयांना सांगितलं. सासूने जावयाला सांगण्यासारखं ते नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबते. तोवर तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, पण तिने मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

परतताना आम्ही दोघंही गप्प होतो. हेदरसेज सोडून चढ लागला. दुसऱ्या गिअरमध्ये म्हातारी घुरघुरत चढत होती. जावयांचं लक्ष रस्त्यावर होतं, पण डोळे वेगळंच बघत असावेत. मागचा आवाज एकदम हलका झाला. कढईवरचं झाकण काढल्यावर होतो तसा बदल. मी वाकून त्यांच्या समोर पाहिलं.

"थांबा!"

"काय?"

"थांबा म्हणते ना!"

लाल दिवा लागला होता. त्यांनी डावीकडे गवताच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे जाऊन झाकण उघडलं तर पट्टा खाली पत्र्यावर पडलेला. तुटलेला, आणि एका कडेने कुरतडल्यासारखा, उंदराने खाल्ल्यासारखा. जिथे तो पुलीत चिमटला होता, तिथूनच.

जावई तो हातात घेऊन उभे राहिले. "मी फिरवलं नाही," एवढंच म्हणाले. अजून पाव मैल चढ तसाच चढलो असतो तर तीन वर्षांचं काम जळून गेलं असतं, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. मी काही बोलले नाही. वर्गात मूल स्वतःची चूक स्वतः वाचून दाखवत असेल तर बाईंनी गप्प बसायचं असतं.

इंजिन निवायला अर्धा तास दिला. बाकाखाली निळ्या पिशवीत दुसरा पट्टा होता. पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून त्यांनी नट काढला, मी चकत्या मोजल्या, पुसल्या, हातावर रांगेने मांडल्या. या वेळी ते आवळत होते आणि मी खालून पान्याने इंजिन फिरवत होते. थोडं आवळ, थोडं फिरव. एक सायकलवाला थांबून मदत हवी का विचारून गेला. साडी, स्वेटर, हात कोपरापर्यंत काळे. काय वाटलं असेल त्याला, देव जाणे.

मंगळवार ते शनिवार हे चार दिवस मला फार जड गेले. लेक माझ्या शेजारी बसून भाजी निवडत होती, सुट्टीत कुठे जायचं ते सांगत होती, आणि मी देठ आणि पानं एकाच ताटात टाकत होते. शनिवारी संध्याकाळी जावयांनी सांगितलं. दार बंद होतं, मी नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत गेले होते. परत आले तर लेक ओट्याशी उभी होती. रडलेली नव्हती. तिने एकच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याशी बोलत होती, माझ्याशी नाही. मला ते लागलं, पण अन्याय झाला असं म्हणता येईना. सात महिन्यांचा राग मी कितीतरी वर्षं पुरवला होता, तिने चार दिवसांचा दोन दिवसांत संपवला. हिशेब तिचाच बरा.

मुलाखतीतून काही निघालं नाही. गाडी विकायचं ठरलं. विकल्यावर घराचे पाच-सहा हप्ते सुटणार होते. पण जाहिरात देण्याआधी ऑगस्टमध्ये एकदा सगळ्यांनी तिच्यातून जायचं, हे लेकीनेच सुचवलं. तीन दिवस व्हिटबीच्या बाजूला समुद्रकाठी गेलो. त्यातले दोन दिवस पाऊस. नात छपरातल्या बिछान्यावर झोपली आणि वर पाऊस वाजतो म्हणून खूश. पहाटे मला जाग आली तर लेक बारक्या शेगडीवर चहा ठेवत होती. मी तिला तेव्हा १९८६ ची नोटीस सांगितली. ती म्हणाली, "बाबांनी?" आणि मग बराच वेळ हसत राहिली, दाबून दाबून, बाकीचे उठू नयेत म्हणून. का हसली ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये एक तरुण जोडपं गाडी न्यायला आलं. जावयांनी त्यांना सगळं दाखवलं, माझी वही दिली. आतल्या मराठी नोंदींचं त्यांनी इंग्रजी करून दिलं होतं, फक्त "वास नाही" एवढं मराठीतच राहिलं होतं, कारण त्या मुलीला ती अक्षरं आवडली. पट्ट्याचं मात्र मीच दाखवलं. हाताने खुणा करून. थोडं आवळ, थोडं फिरव.

जावयांना पुढे नोव्हेंबरात काम मिळालं, आधीच्यापेक्षा कमी पगाराचं. मी तोवर कराडला परत आले होते.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, मला वाटलं बाहेर कुठे आहेत.

"आई, म्हातारीच्या नव्या मालकाचा फोन आलाय, दुसऱ्या फोनवर आहे. लाल दिवा लागला म्हणून थांबलेत स्कॉटलंडमध्ये. जादा पट्टा कुठे ठेवला होता आपण?"

"डाव्या बाकाखाली," मी म्हटलं. "निळ्या पिशवीत. आणि त्या मुलीला म्हणावं, फिरवत राहा."